लाभ सोडून एक

१० नोव्हेंबर २०२४, रविवार, दाभोसा

ही डायरी वर्षाने दिली. मोखाड्यात आम्ही दोघी एका खोलीत राहतो. ती शाळेत मराठी शिकवते, मी ज्युनिअर कॉलेजात गणित. म्हणाली, "तू भाकरी थापताना आकडे पुटपुटतेस. मला भीती वाटते. कागदावर पुटपुट." तर ही सुरुवात.

आज घरी झोडणी संपली. अंग भुश्याने खाजतंय, पण मन खुशीत आहे. घरी मी माघी. माघात जन्मले म्हणून. 'प्रगती' फक्त हजेरीत आणि प्रबंधावर.

रास पडली की बा पायली घेऊन बसतो, आणि मग खळ्यावर कुणी बडबड करायची नाही. पहिली पायली भरून बा ओरडतो, "लाभ!" हे सगळीकडेच चालतं. पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढे दोन, तीन. आमच्या घरची तऱ्हा मात्र निराळी. आमच्याकडे लाभ पायली कणसरीची, म्हणजे आमच्या धान्यदेवतेची. ती तोंडाने म्हणायची, पण मोजायची नाही. ती वेगळ्या टोपल्यात जाते, आणि त्यानंतरची पडते तेव्हा बा म्हणतो, "एक." आजापासून असंच चालत आलंय. मी लहानपणी बोरंसुद्धा अशीच मोजायचे.

चुलतभाऊ कमलेश भिवंडीहून आलाय. तिकडे गोदामात माल मोजायचं काम करतो, त्यामुळे त्याला राहवलं नाही. "काका, टोटल में एक कम आयेगा ना."

बाने पुढची पायली भरली. आय सूप पाखडता पाखडता म्हणाली, "देवाला मोजू नको, बाबा. मोजलास त तो समदीच रास नेल." सगळे हसले. मीही हसले.

परवा येताना जीपमध्ये ढवळूने नेहमीचा प्रश्न विचारला. हा आमच्या रस्त्यावरचा जीपवाला. मी पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा त्याने विचारलं होतं, काय शिकताय? मी बिचारी खरं बोलले, "अनंत गुणाकार." तेव्हापासून चार वर्षं तो भर जीपमध्ये विचारतो, "बाई, झाला का गुणाकार?" आणि अख्खी जीप माझ्याकडे बघते, की एवढी शिकलेली बाई आणि एक गुणाकार होईना.

प्रबंध जूनमध्येच सादर केलाय. परीक्षकांचा अहवाल कधीही येईल. मग ढवळूला उत्तर देता येईल.

१७ नोव्हेंबर, मोखाडा

वर्षाने आज हट्टच धरला. "तू चार वर्षं काय करतेस ते मला कळलंच पाहिजे. नाहीतर भाडं जास्त दे."

ताटात नागली ओतली. म्हटलं, ही रास. एक जण आला, चौथा हिस्सा घेऊन गेला. पुढचा आला, उरलेल्यातला नववा हिस्सा घेऊन गेला. त्याच्या पुढचा सोळावा, मग पंचविसावा. दोन दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, असं. माणसं येतच राहणार, रांग संपणारच नाही. शेवटी ताटात काय उरेल?

"भोपळा," वर्षा म्हणाली.

"अर्धी रास."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग खरंच मांडून दाखवलं. पहिल्यानंतर पाऊण उरते, दुसऱ्यानंतर दोन तृतीयांश, तिसऱ्यानंतर पाच अष्टमांश. उतरत जाते, पण अर्ध्याच्या खाली कधी जात नाही. अख्खं जग जेवून गेलं तरी अर्धी रास ताटात. वर्षा एकदम म्हणाली, "अगं, हे तर देवाघरचं आहे!" मला तिची पापी घ्यावीशी वाटली. चार वर्षांत इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं.

मग म्हटलं, आता दुसरी वाटणी. पहिला आठवा हिस्सा नेतो, दुसरा उरलेल्यातला सत्ताविसावा, मग चौसष्टावा. दोनदा गुणायचं ते तीनदा गुणायचं, एवढाच फरक. इथं रास ऐंशी टक्क्यांच्या जरा वर उरते. पण नेमकी किती? ते कुठल्याच अपूर्णांकात सांगता येत नाही. वर्गमुळात नाही, घनमुळात नाही, पूर्णांकांचं कुठलंही समीकरण मांडा, त्यात हा आकडा सापडायचा नाही. अशा संख्येला बीजातीत म्हणतात. एक वाटणी सरळ अर्ध्यावर येऊन बसते आणि तिची सख्खी बहीण कुणाच्याच हाती लागत नाही. अशा वाटण्यांचा मोठा गोतावळा आहे. त्यातली कुठली परिमेय आणि कुठली बीजातीत, हे ओळखायची कसोटी म्हणजे माझा प्रबंध.

"आणि हे तू शोधलंस?"

"त्यातल्या एका घराण्याचं."

"मग जेव आता," म्हणाली. जेवताना पुन्हा भांडण. मी म्हटलं तीन भाकऱ्या खाल्ल्या, ती म्हणे चार. ती कंजूष आहे आणि मला बदनाम करते. मी तीनच खाल्ल्या होत्या.

२९ नोव्हेंबर

काही नाही. अकरावीची सहल दाभोशाच्या धबधब्याला नेली, म्हणजे मी माझ्याच घरी सहलीला गेले. परतताना बसमध्ये पोरं मोजली, एक कमी भरली. जीव उडाला. खाली उतरून पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. शेवटी शिपाईदादांनी मोजली तर बरोबर. पोरं फार हलतात.

४ डिसेंबर

अहवाल आला.

टिळेकर मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, फोनवर वाचून दाखवला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ऐकला. तीनच वाक्यं. पान अकरावरील व्याख्येप्रमाणे पाहता प्रबंधातील सर्व कोष्टकांमधल्या किमती चुकीच्या आहेत. मुख्य प्रमेय ज्या स्वरूपात मांडले आहे त्या स्वरूपात असत्य आहे. विद्यार्थिनीने काम पुन्हा तपासून दोन महिन्यांत खुलासा करावा, अन्यथा प्रबंध अमान्य समजावा.

असत्य. अपुरं नाही, शंकास्पद नाही. असत्य.

"कुठे, ते लिहिलं नाही?" मी विचारलं.

"नाही. त्यांची तशीच पद्धत आहे. म्हणतात, ज्याने चूक केली त्यानेच शोधावी. मला तिसऱ्या प्रकरणातला तो उपप्रमेयाचा भाग आठवतोय, प्रगती. आपण तिथे नेहमीच जरा बिचकत होतो."

हो, बिचकत होतो. म्हणजे तोच असणार. चार वर्षं गेली. रडू आलं, रडले. वर्षाने गुळाचा चहा करून दिला आणि अवाक्षर काढलं नाही, हे तिच्या स्वभावाला फार जड गेलं असेल.

८ डिसेंबर

तिसरं प्रकरण. सकाळपासून.

१५ डिसेंबर

तिसरं प्रकरण अजून. प्रत्येक ओळीला विचारलं, तू का? प्रत्येक ओळ म्हणते, मी नाही.

आज बाजाराचा दिवस होता. ढवळूच्या जीपमध्ये बसले. "बाई, झाला का गुणाकार?" मी खेकसले, "चुकला!" त्याचं तोंड एवढंसं झालं. मग हळू आवाजात म्हणाला, "मंग फिरून करा. मी पन पावत्या फिरून मांडतंय कवां कवां." पुढच्या सीटवरच्या एका मावशींनी, ओळख ना पाळख, मला एक पेरू दिला. जीपमधली माणसं मला आजारी समजून बघत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण पेरू गोड होता.

२६ डिसेंबर

कोष्टकं पुन्हा केली. सगळी. हाताने, मग संगणकावर. तंतोतंत तेच आकडे. वाटणीत अर्धी रास उरायची तिथे अर्धी उरते. मग चुकीचे कसे? परीक्षकांनाच वेड लागलं असेल, असं काल मनात आलं. आज आणखी वाईट विचार आला, की मोखाड्यातल्या ज्युनिअर कॉलेजातली, दाभोशाची बाई, हिला काय येणार, असं त्यांनी आधीच ठरवलं असेल. हा विचार मी तीन वेळा लिहून खोडला. खरा आहे की नाही माहीत नाही, पण आला होता.

व्याख्याही पुन्हा वाचली. पान अकरा. ती तर सरळ आहे. गुणाकाराच्या चिन्हाखाली एकपासून, वर अनंत. यात चुकायला जागाच नाही.

५ जानेवारी २०२५, दाभोसा

घरी आले. बाला सांगितलं, की प्रबंधात चूक निघाली आणि महिन्याभरात सापडली नाही तर सगळं वाया. बाने विडी विझवली. "चूक मोठी हाय का बारीक?"

"ते माहीत असतं तर सापडली नसती का?"

"तसां नाय. मोठी चूक मानसाला दिसत नाय. बारीक दिसते." मग त्यालाच ते खरं वाटेना, म्हणाला, "माना काय माहीत, मी आपला बोललो."

आयने विचारलं, "पन तुझा तो गुनाकार संपनारा नाय म्हनतंस, मंग तो चुकला हे त्या मानसाला कसा कळला? तो काय शेवटपर्यंत जाऊन आला?"

मी इतक्या दिवसांनी पोट धरून हसले. आयला कळेना मी का हसते, पण तीही हसायला लागली. परीक्षक सर हातात काठी घेऊन अनंताच्या टोकापर्यंत चालत गेलेत आणि तिथून ओरडतायत, "असत्य!" असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना.

१२ जानेवारी, रविवार, मोखाडा

सापडली! सापडली! सापडली!

आता नीट लिहिते.

दुपारी वर्षा वह्या तपासून कंटाळली होती. म्हणाली, "तुझं एक गणित मला दे. मी कॅलक्युलेटरवर करून बघते. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मी चुकणार नाही." मी प्रबंधाचं पान अकरा तिच्यापुढे टाकलं, पहिलं उदाहरण दाखवलं, अर्ध्या राशीचं. चिन्ह कसं वाचायचं ते सांगितलं. खाली एक लिहिलाय, तिथून सुरू कर, एकेक अवयव काढ आणि गुणत जा. आणि मी पोहे परतायला गेले.

दोन मिनिटांत तिची हाक. "प्रगती, हे बंद पडलंय."

"काय बंद पडलं?"

"तुझं गणित. एक भागिले एक, एक. एकातून एक गेला, शून्य. पहिल्यालाच शून्य आलं, आता पुढे काहीही गुणलं तरी शून्यच ना? तुझा पहिला माणूसच सगळी रास घेऊन पळाला गं. मी बटण चुकीचं दाबतेय का?"

"अगं तो नाही धरायचा," मी कढईपाशीच ओरडले, "तो लाभ आहे!"

पोहे करपायला लागले. वर्षा दारात येऊन उभी राहिली.

"काय आहे तो?"

मी गॅस बंद केला. तशीच उभी राहिले. माझ्याच तोंडातून निघालेलं वाक्य माझ्याच कानात जाऊन बसलं. तो लाभ आहे. म्हणायचा, मोजायचा नाही. मी चार वर्षं गुणाकाराच्या चिन्हाखाली 'एकपासून' लिहितेय, कारण राशीची सुरुवात म्हणायलाच हवी. आणि चार वर्षं गुणायला सुरुवात दोनपासून करतेय, कारण पहिली पायली कणसरीची. डोळ्यांना एक दिसतो आणि हात त्याला उचलून टोपल्यात टाकतो. संगणकाला आज्ञा लिहितानाही मी दोनपासूनच लिहिलं आहे, आत्ता पाहिलं. शंकासुद्धा आली नव्हती.

परीक्षकांचं शब्दन् शब्द खरं. लिहिलंय तसं वाचलं तर पहिलाच गडी एक छेद एक हिस्सा, म्हणजे अख्खी रास, घेऊन जातो. उत्तर शून्य. आणि शून्य तर परिमेय! माझं प्रमेय म्हणतं बीजातीत, आणि समोर ढळढळीत शून्य. असत्यच की. आय नोव्हेंबरातच म्हणाली होती, देवाला मोजलंस तर तो समदीच रास नेईल. मी खळ्यावर बसून हसले होते!

"वर्षा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी भाकऱ्या किती खाल्ल्या होत्या?"

"चार. तू नेहमी एक कमीच सांगतेस. मला वाटायचं लाजतेस."

आणि सहलीची पोरं! अरे देवा. पोरं हलत नव्हती.

करपलेले पोहे आम्ही दोघींनी हसत हसत खाल्ले. मग अचानक आठवलं. चौथं प्रकरण! तिथल्या वाटण्यांत हिस्सा काढत नाहीत, घालतात. तिथे पहिला अवयव शून्य नाही, दोन आहे. तो दोनसुद्धा मी सगळीकडे गिळलाय. म्हणजे तिथली प्रत्येक किंमत हवी त्याच्या निम्मी. चपला घातल्या, मॅडमना फोन लावायला रेंज मिळते त्या चढापर्यंत पळत गेले, आणि चढ चढता चढताच उत्तर आलं. आकडा दुप्पट होईल, होऊ दे. बीजातीत संख्येची दुप्पट केली म्हणून ती सापडायला लागत नाही. परिमेयाची दुप्पट केली तरी ती परिमेयच. हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते! पहिली पायली धरा नाहीतर सोडा, राशीचा स्वभाव बदलत नाही. फक्त शून्यापुरतं जपायचं.

फोनवर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तो प्रबंध किती वेळा वाचला, प्रगती. प्रत्येक वेळी मीही दोनपासूनच वाचलं. शून्याने गुणाकार कोण सुरू करेल, असं धरूनच चालले." आणि मग त्याही हसायला लागल्या. मी चढावर उभी राहून मोठ्याने हसत होते. शेळ्या घेऊन चाललेल्या पोशी आजी थांबून म्हणाल्या, "लगीन ठरला का काय?"

१३ जानेवारी

मॅडमचा सल्ला: खुलाशात 'मुद्रणदोष' एवढंच लिहावं. एकच्या जागी दोन वाचावे, कोष्टकं बरोबर आहेत, प्रमेय बरोबर आहे. लिहिलं आणि पाठवलं. मनात काहीतरी टोचलं, पण उगाच फाटे कशाला फोडा?

११ फेब्रुवारी

खुलाशावर परीक्षकांचं उत्तर. प्रमेय मान्य! पण पुढे असं: मुद्रणदोष एकदा होतो, दोनदा होतो. तोच दोष प्रत्येक प्रकरणात, प्रत्येक सूत्राखाली असेल तर त्याला मुद्रणदोष म्हणता येत नाही. विद्यार्थिनीने मौखिक परीक्षेत याचे कारण द्यावे. समाधान न झाल्यास पदवीची शिफारस करणे कठीण आहे.

म्हणजे अजून गाठ तशीच. मॅडम म्हणतात, "संगणकावरची छापील चौकट एकदा चुकली, तीच सगळीकडे उतरली असं सांगा. पटेल." पटेलही. सोपं आहे, सभ्य आहे. खरं सांगायचं तर काय सांगू? मोठ्या विद्यापीठात उभी राहून सांगू, की सर, आमची कणसरी आहे ना, तिचं टोपलं? त्या डिसेंबरातल्या खोडलेल्या वाक्याची भीती पुन्हा वर आली.

वर्षाला विचारलं. म्हणाली, "तुला खोटं बोलता येत नाही. भाकऱ्यासुद्धा तू मनापासून चुकीच्या मोजतेस."

२३ एप्रिल, बुधवार

उद्या मौखिक परीक्षा, मुंबईत. खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, असं मी घरी सहज बोलले होते. माझीच चूक. आज ढवळूचा निरोप आला, "जीप पहाटे लावतंय. बा, आय, कमलेश, वर्षा बाई आनी मी. चार वर्सां इचारतंय, उत्तर ऐकल्याबिगर सोडत नाय." जीपवर पुढे झेंडूची माळ घालणार आहे म्हणे. मी नको म्हटलं. म्हणजे घालणार.

२५ एप्रिल

काल लिहायला वेळच मिळाला नाही. आता सगळं लिहिते.

सभागृह थंडगार होतं. आय पदर अंगभर गुंडाळून शेवटच्या रांगेत बसली. शेजारी बा, मग ढवळू, अंगात लग्नातला शर्ट. परीक्षक सर किडकिडीत, पांढरे केस, आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागे. मला वाटलं होतं कुणी राक्षस असेल.

तास गेला. प्रमेयं, उदाहरणं, तिसरं प्रकरण. तिसऱ्या प्रकरणाला सर म्हणाले, "हा भाग सुंदर आहे." आम्ही बिचकत होतो तोच भाग! मग त्यांनी पान अकरा उघडलं.

"आता एवढंच सांगा. हे कसं झालं?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी ओठांनी सांगितलं, चौकट. मी तोंड उघडलं, आणि मागे बाचा खाकरण्याचा आवाज आला, खळ्यावर पायली हातात घेतल्यावर खाकरतो तसा. मला चौकट आठवेचना.

"सर," मी म्हटलं, "आमच्या घरी पहिली पायली मोजत नाहीत."

आणि सांगून टाकलं. खळं, रास, लाभ, टोपलं. तोंडाने म्हणायचं पण मोजायचं नाही. भाकऱ्या आणि सहलीची पोरंसुद्धा सांगितली, तेव्हा समोरचे काही जण हसले. सर हसले नाहीत. चष्म्यावरून बघत राहिले.

"म्हणजे चिन्हाखालचा एक हा तुमचा लाभ."

"हो, सर."

"चौथ्या प्रकरणात मी तो मोजला तर?"

"किंमत दुप्पट होईल. स्वभाव बदलणार नाही."

"आणि दुसऱ्या प्रकरणात मोजला तर?"

"रास संपेल."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मग सहज विचारल्यासारखं, "ती न मोजलेली पायली जाते कुठे?"

मी सांगणार, एवढ्यात शेवटच्या रांगेतून बा बोलला. तिथे बोलायचं नसतं हे त्याला कोण सांगणार? उभा राहून, टोपी हातात घेऊन. "बियान्याला, साहेब. कणसरीचा दाना खात नाय आमी. वर्साला राबात तोच पेरतंव."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी रास..."

"तिच्यातलीच," बा म्हणाला आणि खाली बसला.

मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण त्या सभागृहात ऐकलं तेव्हा डोळे भरून आले, आणि मी पुसलेही नाहीत.

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग हसले, अगदी लहान पोरासारखे. "बाई, हे शुद्धिपत्रात टाकू नका. पान अकरावर संकेत म्हणून लिहा. पहिला अवयव राखून ठेवला आहे, आणि का ते. मी चाळीस वर्षं हे चिन्ह वापरतोय. पहिल्याला राखून ठेवावं असं मला कुणी शिकवलं नाही." आणि शिफारस तिथेच जाहीर केली.

वर्षाने शिट्टी वाजवली. मराठीच्या शिक्षिकेने! ढवळू टाळ्या वाजवत राहिला, सगळ्यांच्या थांबल्या तरी. बाहेर आल्यावर आयने माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. "तो मानूस चांगला हाय," म्हणाली. "पन बारीक झालाय. त्याला नागलीचा पीठ धाडू."

८ जून, रविवार, दाभोसा

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन वर्षा आणि मी घरी आलो. ढवळूने वाटेत विचारलं नाही. विचारायचं राहिलंय, असं त्याच्या मानेवरून दिसत होतं. शेवटी मीच म्हटलं, "ढवळूदादा, झाला गुणाकार."

त्याने जीप बाजूला घेतली, बंद केली, आणि मागे वळून सगळ्या जीपला सांगितलं, "बाईंचा झाला!" जीपभर लोकांनी मान डोलावली. मोठं ओझं उतरल्यासारखी. मग त्याने विचारलं, "आनी उत्तर काय आला?"

"काही राशींचं सांगता येतं," मी म्हटलं, "आणि काही राशींचं कधीच सांगता येणार नाही, हे नक्की झालं."

त्याने जरा विचार केला. "बराबर हाय," म्हणाला आणि जीप सुरू केली.

राब, म्हणजे रोपांसाठी भाजलेला वाफा, तयार आहे. बाने लाभाचं टोपलं उतरवलं. प्रबंधाचं पान अकरा मी त्याला वाचून दाखवलं. 'येथे पहिला अवयव राखून ठेवला आहे. दाभोशातील आमच्या घरी राशीची पहिली पायली अशीच राखतात आणि पुढल्या वर्षी पेरतात.' त्याने ते दोनदा वाचायला लावलं. मग प्रत हातात घेतली, उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि टोपल्यातलं मूठभर भात त्या पानावर ठेवून पुन्हा उचललं. मग राबात गेला. मी त्याच्या मागोमाग पेरत गेले.

दुपारी नागलीच्या भाकऱ्या, वर अंबाडीची भाजी. पेरून भूक कडकडून लागली होती. वर्षाने माझ्या ताटाकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "किती झाल्या?"

बा, आय, कमलेश, सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तीन," मी म्हटलं. "आणि लाभ."